पिकअप सगळ्यात शेवटी : जुनी इलेक्ट्रिक गिटार घेताना

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे मला बरोबर कळला की नाही ते तुम्हालाही दिसेल. तुम्ही नागपुरात मिहानमध्ये नोकरीला आहात, दोन वर्षं अकूस्टिक वाजवली, आता इलेक्ट्रिक घ्यायची आहे. मनीषनगरात एकजण सहा वर्षं जुनी स्क्वायर अफिनिटी स्ट्रॅट (फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारीची स्वस्त आवृत्ती) १५,००० रुपयांना देतोय. तुमचं एकूण बजेट २५,०००. घरी मित्राचा १० वॉटचा प्रॅक्टिस अँप आहे. जुनं रॉक आणि हिंदी गाणी वाजवायची आहेत. गिटार लावून पाहिली तेव्हा हमिंग भरपूर आलं आणि आवाज ‘पातळ’ वाटला. विकणारा स्वतःच म्हणाला, पिकअप (तारांखालचा, त्यांचा आवाज पकडणारा भाग) बदलून घ्या, मग बघा मजा. म्हणून तुम्ही विचारताय की उरलेल्या १०,००० मध्ये कोणते पिकअप घालू.

माझं उत्तर आधी, कारणं नंतर. सध्या कोणतेच घालू नका. ही गिटार घ्यायची की नाही, ते पिकअप सोडून बाकी सगळं पाहून ठरवा. घेतलीत तर पिकअपचा विषय सहा महिने काढू नका. विकणाऱ्याने ‘पिकअप बदला’ म्हणणं हे घर दाखवताना ‘रंग मारून घ्या’ म्हणण्यासारखं आहे. रंगाचं बघू हो, ओल कुठून येते ते सांगा.

मी २२ वर्षं नागपुरात ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतोय. गणपती, शारदोत्सव, भीमजयंती, लग्नाचं संगीत, जे येईल ते. आणि गेली १४ वर्षं महालातल्या घरी एका टेबलावर लोकांच्या गिटारी दुरुस्त करतो. या टेबलावर ‘पिकअप खराब आहे’ म्हणून आलेल्या गिटारींपैकी बहुतेकांचे पिकअप धडधाकट निघाले. दोष कुठे पॉटमध्ये (व्हॉल्यूम-टोनच्या बटणाखालचा भाग), कुठे जॅकमध्ये (केबल घालायची जागा), कुठे घरच्या वायरिंगमध्ये. तुमच्या तक्रारीही दोन वेगळ्या आहेत, हमिंग आणि पातळ आवाज, आणि या दोघांची कारणं वेगळी असू शकतात. एकच वस्तू बदलून दोन्ही जातील ही आशा महागात पडते.

मी गिटार पाहिलेली नाही, त्यामुळे काही गोष्टी तिच्या अवस्थेवर सोडाव्या लागतील. तुम्ही खोलीत वाजवणार की स्टेजवर, डिस्टॉर्शन किती वापरणार, यावरही उत्तर बदलतं. पण क्रम बदलत नाही.

गिटार हातात आली की मी ती आधी अँपला लावतच नाही. सुतार फळी डोळ्याशी धरून बघतो तशी नेक, म्हणजे गिटारची मान, बघतो, बॉडीच्या बाजूने वर हेडस्टॉककडे, म्हणजे ट्यूनिंगच्या खुंट्यांच्या टोकाकडे. नेक थोडी पुढे वाकलेली असेल तर हरकत नाही, तो ट्रस रॉडचा (नेकच्या आतल्या, वाक कमी-जास्त करणाऱ्या दांड्याचा) विषय आहे. पण पिळलेली असेल, म्हणजे एक कड वर आणि दुसरी खाली जाताना दिसत असेल, तर चहा पिऊन घरी या. पिळलेली नेक सरळ करण्यात जो खर्च आणि मनस्ताप आहे तो १५,००० च्या गिटारीला परवडत नाही. मग जाडी तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) एकाच वेळी दाबून धरा. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यामध्ये व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी फट हवी. मिलिमीटरमध्ये ०.२ ते ०.३. फट फार जास्त असेल किंवा मुळीच नसेल, तर मालकाला म्हणा की ट्रस रॉड तुमच्यासमोर पाव फेरा फिरवून दाखव. नट फिरला आणि फट बदलली, तर रॉड जिवंत आहे. तो ‘कशाला हात लावता’ म्हणाला, तर किंमत खाली आणा किंवा नाद सोडा.

त्यानंतर प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवा. खरंच प्रत्येक. कंटाळवाणं आहे, दहा मिनिटं लागतात, पण मालकाला बसू द्या ताटकळत. कुठे आवाज मरतो, कुठे पुढच्या फ्रेटवर घासून किरकिर येते ते लक्षात ठेवा. बाराव्या ते पंधराव्या फ्रेटमध्ये बारीक तारा ओढून बेंड करा. तिथे सूर मध्येच गपकन बसला तर फ्रेट वरखाली आहेत. पहिल्या तीन-चार फ्रेटवर तारांच्या खाली खाचा पडलेल्या असतात, कारण शिकाऊ माणूस तिथेच राहतो. नखाला अडकतील एवढ्या खाचा असतील तर फ्रेट घासून समतल करता येतात. त्याहून खोल असतील तर २१ च्या २१ फ्रेट बदलावे लागतील, आणि त्याचा खर्च या गिटारीच्या निम्म्या किमतीपर्यंत जाऊ शकतो. पिकअप कधीही बदलता येतो, स्क्रूड्रायव्हर आणि दोन-चार सोल्डरचे डाग. नेक आणि फ्रेट मात्र तुम्ही विकत घेताय तेच.

ट्यूनिंगच्या खुंट्या, हेडस्टॉकजवळची तारा टेकण्याची खाचांची पट्टी (तिलाही नटच म्हणतात), व्हायब्रेटोची स्प्रिंग, हे सगळं स्वस्तात सुटतं, त्यात जीव अडकवू नका. हेडस्टॉकवरचं नाव आणि सिरियल नंबर मात्र पाहून घ्या. स्क्वायरच्या नेकवर फेंडरचं स्टिकर लावून विकणारे महाभाग आहेत. तुमचा माणूस स्क्वायर म्हणूनच विकतोय, ही त्याच्या बाजूची गोष्ट. मूळ बिल असेल तर मागा. (गिवसन ही गिब्सनची नक्कल समजून हसणारे नवे पोट्टे भेटतात. तो कोलकात्याचा आपला जुना ब्रँड आहे, आणि माझ्या पिढीतल्या कितीतरी जणांची पहिली गिटार तीच होती.)

आता हमिंग. तुमच्या प्रश्नाचा गाभा इथेच आहे, म्हणून जरा सावकाश जातो.

पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. स्ट्रॅटच्या जुन्या पद्धतीच्या पिकअपमध्ये साधारण ७,५०० ते ८,००० वेढे असतात. पोलादी तार चुंबकाच्या क्षेत्रात थरथरली की वेढ्यांमध्ये वीज उमटते, तोच तुमचा सूर. पण तीच गुंडाळी घरातल्या ५० हर्ट्झच्या विजेचं क्षेत्रही पकडते. तिला गाणं आणि कूलरची मोटर यातला फरक कळत नाही. स्ट्रॅट १९५४ साली आली तेव्हापासून सिंगल कॉइलचा, म्हणजे एकाच गुंडाळीच्या पिकअपचा, हा स्वभाव आहे, खराबी नव्हे. गिब्सनच्या सेथ लव्हरने १९५५ मध्ये यावर उपाय काढला : दोन गुंडाळ्या शेजारी शेजारी, एकमेकींच्या उलट वेढ्यांच्या आणि उलट चुंबकध्रुवांच्या. तारेचा आवाज दोघींमध्ये मिळून वाढतो, बाहेरचं हमिंग एकमेकांना मारतं. म्हणून नाव हमबकर. १९५७ पासून ते गिटारींवर दिसू लागले.

म्हणजे थोडं हमिंग तुमच्या गिटारीत असणारच. प्रश्न आहे की तुम्ही ऐकलं ते स्वभावातलं की रोगातलं. हे ओळखायला उघडाउघडी लागत नाही. आधी गिटारमधून केबल काढा आणि मोकळं टोक टेबलावर ठेवा, टोकाला हात न लावता. तरी तेवढाच घूं आवाज येत असेल तर गिटार निर्दोष आहे, अँप, केबल किंवा घरची वीज बघा. मग गिटार जोडा आणि तारांना हात लावा. हमिंग कमी झालं तर तारांचं अर्थिंग शाबूत आहे. उरलं ते आसपासच्या विजेचं, ते शील्डिंगने, म्हणजे आतून धातूचं अस्तर लावून, कमी होऊ शकतं. हात लावून काहीच फरक पडला नाही, तर मागच्या स्प्रिंगच्या पट्टीला येणारी वायर बहुतेक सुटली आहे. एक डाग. हात लावल्यावर हमिंग वाढलं, तर जॅकच्या दोन वायर उलट्या जोडल्याची शक्यता मोठी. पुन्हा एक-दोन डाग.

पुढे, गिटार गळ्यात घालून उभे राहा आणि हळूहळू गोल फिरा. एका दिशेला हमिंग चढतं, दुसऱ्या दिशेला उतरतं, असं झालं तर ते चुंबकीय हमिंग आहे. हे शील्डिंगने जात नाही. कॉपर फॉइल लावा, काळा रंग फासा, ते राहणारच, कारण फॉइल अडवतं ते विजेच्या क्षेत्राला, ५० हर्ट्झच्या चुंबकीय क्षेत्राला नाही. यूट्यूब पाहून ४०० रुपयांचं फॉइल आत चिकटवून ‘भाऊ, काही फरकच नाही पडून राहिला’ म्हणत येणारे माझ्याकडे दर महिन्याला एक-दोन असतात. शेवटी तीन पिकअपमधून निवडायचा पाच जागांचा स्विच दुसऱ्या आणि चौथ्या जागेवर ठेवून ऐका, म्हणजे दोन-दोन पिकअप एकत्र. तिथे हमिंग जवळजवळ गायब होत असेल तर मधला पिकअप उलट वेढ्यांचा आणि उलट ध्रुवांचा आहे. तुमच्याकडे त्या दोन जागांवर फुकटातला हमबकर आहे. ही सोय सुरुवातीच्या स्ट्रॅटमध्ये नव्हती. त्यांना तीनच जागांचा स्विच होता, वादक काडी अडकवल्यासारखा तो मध्येच अडकवून ठेवायचे, आणि फेंडरने पाच जागांचा स्विच १९७७ मध्ये दिला.

या सगळ्या चाचण्या दोन घरांत करा, त्याच्या आणि तुमच्या. आपल्याकडे अर्थिंग म्हणजे सॉकेटचं तिसरं भोक, एवढंच पुष्कळ घरांत असतं. आत वायर नसते. कूलरच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात ना, त्याच घरात तुम्ही गिटार लावणार आहात, आणि तिच्या तारा अँपच्या अर्थला जोडलेल्या आहेत. मला एकदा एका मंडपात जनरेटरच्या लाइनवर माइकजवळ तोंड नेताच ओठाला असा झटका बसला की पुढचं कडवं कीबोर्डवाल्याने सांभाळलं. १९७२ मध्ये वेल्समधल्या स्वान्सीत स्टोन द क्रोज बँडचा गिटारवादक लेस हार्वे ऐन कार्यक्रमात अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून मेला. तेव्हापासून, म्हणजे माझ्या ओठापासून, माझ्या गिटारच्या पिशवीत ४० रुपयांचा टेस्टर असतो. माइकच्या जाळीला आणि तारांना लावायचा, दिवा लागला तर मी प्लग काढतो, मंडळाचे अध्यक्ष कितीही घाई करोत. पिकअपवर पैसे घालण्याआधी इलेक्ट्रिशियन बोलवून एक अर्थिंग नीट करून घ्या. निम्मी किरकिर तिथेच गेलेली मी पाहिली आहे.

आता पातळ आवाज. यात तुमच्या गिटारीचा काही वाटा आहेच. अफिनिटीची बॉडी पूर्ण जाडीच्या स्ट्रॅटपेक्षा थोडी पातळ असते आणि तिच्यात सिरॅमिक चुंबकाचे पिकअप असतात, ज्यांचा आवाज अल्निकोपेक्षा जरा टोकदार वाटतो. अल्निको म्हणजे अ‍ॅल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट आणि लोखंड यांच्या मिश्रधातूचा चुंबक. पण सिरॅमिक म्हणजे टाकाऊ, असं समजू नका. मोठमोठ्या नावांचे जोरकस हमबकर सिरॅमिकचेच आहेत.

मला मोठा संशय आहे तो १० वॉटच्या अँपवर. त्याचा स्पीकर सहा-साडेसहा इंचांचा असेल. त्यातून जाड तारेचा खर्ज नीट निघतच नाही. अशा अँपवर २०,००० चे पिकअप लावले तरी फरक तुम्हाला सांगावा लागेल, ऐकू येणार नाही. खात्री करायची तर ही गिटार कुणाच्या तरी दहा-बारा इंची स्पीकरच्या अँपवर, किंवा एखाद्या मल्टिइफेक्टमधून चांगल्या हेडफोनवर वाजवून बघा. मित्र नसेल तर रिहर्सल रूम तासावर मिळते. तिथे आवाज भरला, तर तुमचे १०,००० कुठे जायला हवेत ते ठरलं.

दुसरी गोष्ट पिकअपची उंची. हा फुकटातला अपग्रेड आहे आणि कुणी करत नाही. शेवटचा फ्रेट दाबून धरा आणि तार व पिकअपच्या खुंट्या (तारांखाली दिसणारे धातूचे गोल ठिपके) यांतलं अंतर मोजा. जाड तारेकडे २ मिलिमीटर, बारीक तारेकडे १.६ मिलिमीटर इथून सुरुवात करा. विकायला आलेल्या गिटारींमध्ये पिकअप बऱ्याचदा पिकगार्डात, म्हणजे पुढच्या प्लास्टिकच्या पट्टीत, बुडालेले असतात, मग आवाज अशक्त येणारच. उलट अल्निकोच्या खुंट्या फार वर आणल्या तर चुंबक तारेला ओढतो आणि वरच्या फ्रेटवर सूर लहरतो, ट्यूनरही वेड्यासारखा हलतो. अर्धा फेरा, ऐका, परत अर्धा फेरा. एक संध्याकाळ यात घालवा.

तिसरी गोष्ट ट्रेबलची. स्ट्रॅटच्या मूळ वायरिंगमध्ये ब्रिजकडच्या (बॉडीवर तारा जिथे बसवलेल्या असतात तिथल्या) पिकअपला टोनचं बटणच नसतं. म्हणून तो कानात सुईसारखा घुसतो आणि नवा माणूस म्हणतो, पातळ आहे. तुमच्या गिटारीतही तसंच असेल तर मधल्या पिकअपचं टोन बटण ब्रिजलाही जोडून घ्या : वायरचा एक तुकडा, दोन डाग. मग टोन सहा-सातवर ठेवून वाजवा. माझ्याकडे पिकअप बदलायला आलेल्या स्ट्रॅटवाल्यांना मी आधी हे करून देतो. त्यातले बरेच पुन्हा पिकअपसाठी आले नाहीत. धंद्याचं नुकसान, पण त्याच लोकांनी आणखी चार गिऱ्हाईकं पाठवली.

पॉट आणि केबलचंही बघून घ्या. सिंगल कॉइलला २५० किलोओमचा पॉट चालतो, हमबकरला ५००. सिंगल कॉइलवर ५०० चा असेल तर आवाज नको इतका चकचकीत येतो. बटण फिरवताना खरखर आली तर आधी कॉन्टॅक्ट क्लीनर, नाही गेली तर पॉट बदला. दहा मीटरची स्वस्त केबल ट्रेबल खाते, तीन मीटरची घ्या. बर्डीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत पॉट, जॅक, कपॅसिटर मिळतात, फक्त एक लक्षात ठेवा. या गिटारींमध्ये बहुतेक वेळा लहान पॉट असतात. अमेरिकन मापाचा मोठा पॉट घेतला तर त्याच्या गळ्याला साडेनऊ मिलिमीटरचं भोक लागतं, म्हणजे पिकगार्ड कोरणं आलं. जुना पॉट काढून दुकानात सोबत न्या, वाद मिटतो.

आणि हो, पिकअप खरंच मेला असेल तर? तेही न उघडता कळतं. मल्टीमीटर २० किलोओमच्या रेंजवर लावा. केबल गिटारमध्ये घाला, व्हॉल्यूम पूर्ण उघडा, केबलच्या दुसऱ्या टोकाच्या टोकाला एक काडी आणि बाजूच्या दांड्याला दुसरी. स्विचच्या पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या जागेवर साधारण ५ ते ७ किलोओम दिसायला हवेत. दुसऱ्या आणि चौथ्या जागेवर त्याच्या निम्मे, कारण दोन पिकअप समांतर जोडले जातात. एखाद्या जागेवर मीटर रेंजबाहेर गेला तर ती गुंडाळी किंवा तिची वायर तुटली आहे. शून्य आला तर कुठेतरी शॉर्ट आहे. विकणाऱ्यासमोर हे केलंत की त्याचा आवाज आपोआप मऊ होतो.

इथपर्यंत आलेलं एकत्र धरा : नेक आणि फ्रेट चांगले असतील तर घ्या, अर्थिंग करा, सेटअप (नेकचा वाक, तारांची उंची वगैरे जुळवणं) आणि नव्या तारा, पिकअपची उंची, टोनची वायर, गरज असेल तर पॉट-जॅक. माझ्याकडे सेटअपचे १,२०० होतात, तारा वेगळ्या. गिटार १३,००० ला तोडून घेतलीत तर हे सगळं धरूनही तुमच्या हातात ८,००० च्या आसपास राहतील. ते पिकअपऐवजी बऱ्या अँपसाठी बाजूला ठेवा, सेकंडहँड मॉडेलिंग अँप (वेगवेगळ्या अँपच्या आवाजाची नक्कल करणारा) बघा.

सहा महिन्यांनी स्वतःला विचारा की या आवाजात काय कमी आहे. उत्तर एका वाक्यात देता आलं पाहिजे. ‘डिस्टॉर्शन वाढवलं की ब्रिजवर हमिंग असह्य होतं’ हे वाक्य चालेल. ‘टोन प्रो वाटत नाही’ हे चालणार नाही. पहिल्या वाक्यासाठी सिंगल कॉइलच्याच मापाचा, आत दोन पट्ट्यांचा हमबकर ब्रिजला घाला. सेमोर डंकन, डिमार्झिओ या दोन्ही पिकअप कंपन्यांकडे मिळतात, लाकूड कोरावं लागत नाही. जुन्या स्ट्रॅटचा आवाज हवा पण हमिंग नको, तर एकावर एक गुंडाळी असलेले नॉइजलेस पिकअप. त्यात टणत्कार किंचित हरवतो, मला तो हरवलेला कळतो, तुम्हाला कळेलच असं नाही. नुसता गोडवा हवा असेल तर अल्निको ५ चा साधा सेट, आणि त्यासाठी विल्किन्सनसारखा मध्यम किमतीचा पुरतो. तीनही एकदम बदलायची गरज नसते. हिंदी गाण्यांच्या क्लीन तुकड्यांसाठी नेक आणि मधला तसाच राहू द्या.

पिकअपच्या किलोओमवर भाळू नका. साधा स्ट्रॅट पिकअप सहाच्या आसपास, जुन्या धाटणीचा हमबकर आठच्या, आणि सेमोर डंकनच्या जेबीसारखा जोरकस हमबकर सोळाच्या. आकडा वाढला म्हणजे आवाज ‘चांगला’ होत नाही. सहसा मधला भाग फुगतो, वरचा चकचकीतपणा कमी होतो. वेगळ्या जाडीच्या तारेने गुंडाळलेल्या दोन पिकअपची तर या आकड्यावरून तुलनाच होत नाही. मापही तपासा. अमेरिकन व्हिंटेज ब्रिजवर बाहेरच्या दोन तारांमधलं अंतर साधारण ५६ मिलिमीटर असतं, बऱ्याच आशियाई गिटारींवर ५२ च्या आसपास. खुंट्या तारांखाली येतात का ते स्केलने बघून मग मागवा. मोठा हमबकर घालायचा तर पिकगार्ड काढून आत लाकूड किती कोरलेलं आहे ते आधी पाहा. आणि काढलेले मूळ पिकअप वायर न कापता डब्यात जपा. उद्या गिटार विकताना नव्या पिकअपचे पैसे कुणी देत नाही; जुने परत बसवून नवे वेगळे विकता येतात. हे मला तीन गिटारी विकल्यावर कळलं.

एक गोष्ट राहिली, ती फक्त आपल्याकडची. मागच्या हिवाळ्यात नंदनवनचा एक मुलगा जुनी घेतलेली स्ट्रॅट घेऊन आला. बाहेरून चकचकीत, पण ब्रिजचा पिकअप मुका. मीटर रेंजबाहेर. उघडलं तर गुंडाळीचं टोक हिरवं पडून तुटलेलं, ब्रिजच्या सॅडलचे (तारा टेकतात त्या छोट्या तुकड्यांचे) बारीक अ‍ॅलन स्क्रू गंजून बसलेले, आणि त्यांच्यावर कूलरच्या जाळीवर साचतो तसला पांढरा क्षार. आधीच्या मालकाने दोन उन्हाळे ती कूलरसमोरच्या भिंतीवर टांगली होती. मे महिन्यात बाहेर ४५ डिग्री, हवा कोरडी ठणठणीत. रोझवुड आकसतं आणि फ्रेटची टोकं बोटाला बोचायला लागतात. त्याच वेळी कूलरसमोर मात्र ओली, खाऱ्या पाण्याची हवा. मग जूनअखेर पावसाळा, आणि तेच लाकूड परत फुगतं. म्हणून नेकच्या कडेवरून तळहात फिरवून बघा, सॅडलचा एक-एक स्क्रू मालकाच्या परवानगीने चिमूटभर हलवून बघा. तुम्ही घेतल्यावरही गिटार कूलरच्या झोतात ठेवू नका, कव्हरमध्ये ठेवा, आणि ट्रस रॉड एप्रिलमध्ये एकदा, जुलैमध्ये एकदा तपासा.

तर या रविवारी मनीषनगरात जाल तेव्हा टेस्टर, मीटर, व्हिजिटिंग कार्ड आणि तुमची स्वतःची केबल घेऊन जा. आणि गिटार हातात घेण्याआधी सहज विचारा, उन्हाळ्यात ही कोणत्या खोलीत असते.